प्रकाशन सोहळ्यात एक झडती होऊन जाऊ द्या

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, आणि मला वाटते साऱ्या वऱ्हाडात, पुस्तकाचे प्रकाशन लग्नाच्या थाटात होते. मंगल कार्यालय तेच, मंडपवाला तोच, वाढपीही तेच. मंचावर खुर्च्यांची रांग, त्यांतल्या निम्म्यांवर राजकारणातली मंडळी. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, स्मृतिचिन्ह यांत तास-दीड तास जातो. पुस्तकावर बोलायला बोलावलेले निवृत्त प्राचार्य सुरुवातीलाच सांगून टाकतात की पुस्तक कालच हाती पडले, नीट वाचायला सवड झाली नाही, पण चाळले तेवढ्यावरून हा आपल्या मातीतला मोठा कवी आहे, अशी खात्री पटली. आमदारसाहेबांना पुढे तेरवीला जायचे असते, तरी ते साहित्य हा समाजाचा आरसा असल्याचे सांगूनच उठतात. मग आभार. मग जेवण, आणि ते खरोखर चांगले असते.

एवढ्या वेळात पुस्तक चांगले की वाईट, हे मात्र कुणीच बोलत नाही.

याला लोक सौजन्य म्हणतात. लेखकाने मेहनत केली, घरचे पैसे घातले, चार शब्द गोड बोललो तर काय बिघडले? माझे म्हणणे असे की पुष्कळ बिघडते. आमच्या भागात लिहिणारे वाढले, छापणारे वाढले, सत्कार तर कितीतरी वाढले. पण एखाद्या पुस्तकावरून दोन माणसे तावातावाने भांडताना मी शेवटची कधी पाहिली, ते आठवत नाही. ज्या पुस्तकावर भांडण होत नाही, ते कुणी वाचलेले नसते. आणि हे सारे त्या जिल्ह्यात, जिथे मराठीतल्या विनोदी लेखनाचा पाया घालणारा माणूस काळा कोट घालून कोर्टात जात होता.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. जन्म नागपूरचा, १८७१ सालचा. वकिली खामगाव आणि जळगाव जामोद या भागात. शाळेतल्या पोरांना त्यांचे नाव माहीत असलेच तर 'बहु असोत सुंदर संपन्न की महा' या गीतापुरते. त्यांनी लोकांना काय धारेवर धरले होते, ते कुणी सांगत नाही. १९०२ साली 'विविधज्ञानविस्तार' मासिकात 'साक्षीदार' हा त्यांचा लेख आला आणि मराठीत विनोदी लेखांची परंपरा तिथून सुरू झाली. वकिलाने पहिला वार साक्षीदारावर करावा, यात आमच्या धंद्यातल्या कुणाला नवल वाटणार नाही. पुढे १९१० साली या लेखांचे पुस्तक झाले, 'सुदाम्याचे पोहे'. आत लेख अठरा, म्हणून त्याला 'अठरा धान्यांचे कडबोळे' असेही नाव दिले. नंतरच्या आवृत्तीत लेख बत्तीस झाले, तेव्हा त्याची 'साहित्य बत्तिशी' झाली. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या तिघांच्या तोंडून त्यांनी सण, सोवळे, लग्ने, मुहूर्त, सारे झोडपून काढले. रीत अशी की सुदामा रूढीला नावे ठेवत नाही. तो तिची बाजू इतक्या मनापासून लढवतो की बिचारी रूढीच उघडी पडते. आपल्याच अशिलाला फाशी देणारा वकील म्हणा ना.

जाता जाता एक सांगतो. जळगाव जामोद तालुक्यातच भेंडवळ आहे. तिथे दर अक्षय्य तृतीयेला घट मांडतात. शेतात अठरा प्रकारची धान्ये गोलात ठेवायची, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, पान, सुपारी, पुरी; दुसऱ्या दिवशी पहाटे कुठला दाणा सरकला ते पाहून पीकपाण्याचे, बाजारभावाचे आणि देशाच्या राजाचेही भाकीत सांगायचे. आता तर वाहिन्यांच्या गाड्या आदल्या रात्रीच येऊन उभ्या राहतात. कोल्हटकर ग्रहगणिताचे गंभीर अभ्यासक होते, 'भारतीय ज्योतिर्गणित' हा ग्रंथ त्यांच्या नावावर आहे. सुदाम्याला त्यांनी भेंडवळला नेले असते तर त्याने घटाची अशी काही वकिली केली असती की मांडणाऱ्यांनाच घाम फुटला असता. धान्येही नेमकी अठराच. आज त्यावर एक तर श्रद्धेने बातमी येते, नाहीतर रागाने पत्रक. हसत कुणी लिहीत नाही.

हेच कोल्हटकर नाटक-कादंबऱ्यांची परीक्षणे लिहीत, पानेच्या पाने. पात्र पहिल्या अंकात काय बोलले, तिसऱ्या अंकात त्याच्या उलट का वागले, योगायोग किती, पदे कुठे नुसती भरतीची, अशी सगळी उलटतपासणी. म्हणून मला ते महत्त्वाचे वाटतात. विनोदकार आणि समीक्षक हे त्यांच्यात दोन वेगळे इसम नव्हते. हसण्याआधी ते पुस्तक वाचत आणि वाचल्यावर हसायची भीती बाळगत नसत.

त्यांची आरती ओवाळायचा माझा विचार नाही. सुदाम्याचे पोहे आज खाताना कोट्यांचे खडे फार लागतात, दोन लेखांनंतर वाचक दमतो. 'वीरतनय'पासूनची त्यांची नाटके रंगभूमीवर टिकली नाहीत. नाट्यसंगीतात नव्या चाली आणल्या म्हणून तेवढे नाव निघते. दुसऱ्याच्या नाटकातला दोष अचूक पाहणाऱ्या माणसाला स्वतःच्या नाटकातला दिसला नाही. त्यांना गुरू मानणाऱ्या राम गणेश गडकऱ्यांनी हाच विनोद आणि हेच नाटक हातात घेऊन गुरूला केव्हाच मागे टाकले. (ते गडकरीही शेवटी विदर्भाच्या मातीतच, सावनेरला, २३ जानेवारी १९१९ ला गेले.) पण स्वतःला चांगले नाटक जमत नाही म्हणून दुसऱ्याच्या वाईट नाटकाबद्दल बोलू नये, हा नियम कोल्हटकरांनी पाळला नाही. तो पाळला असता तर आपणच गरीब राहिलो असतो. १९२७ साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. टीका करणाऱ्यावर समाज बहिष्कारच घालतो, असे नाही.

त्यांची एक सोय मात्र होती, ती मान्य केली पाहिजे. ज्यांच्या नाटकांवर ते लिहीत, ती माणसे बहुतेक पुण्यामुंबईची. खामगावच्या बाजारात सकाळी भाजी घेताना नाटककार समोर येण्याची धास्ती नव्हती. आमचे तसे नाही. ज्याच्या कवितासंग्रहाला नावे ठेवायची, तो माझ्या मुलाचा मास्तर असतो, सोसायटीचा संचालक असतो, नाहीतर व्याह्याचा मावसभाऊ. शेजाऱ्याच्या तोंडावर त्याचे चुकलेले कसे सांगावे, हा धडा कोल्हटकरांकडे नाही.

तो पोळ्यात आहे.

पिठोरी अमावस्येच्या संध्याकाळी तोरणाखाली बैलजोड्या रांगेने उभ्या असतात. मटाट्या, झुली, बेगड, शिंगांना लावलेला रंग. डफडे वाजत असते, मानाच्या जोडीची वाट पाहणे चालू असते, आणि गर्दीतून कुणीतरी हात वर करून झडती, म्हणजे यमकात बांधलेला टोमणा, म्हणतो. सरपंच समोर उभा असतो, त्याच्या घरकुलांच्या यादीवर झडती. सोसायटीचा सचिव उभा असतो, पीककर्जावर झडती. कापसाचा भाव, विमा कंपनी, मास्तरांची हजेरी, काही सुटत नाही. एक जुनी झडती तर महादेवालाही सोडत नाही: तो म्हणे दोन पैशांसाठी रडतो आहे, पार्वतीच्या लुगड्याला छप्पन गाठी आहेत, आणि असा देव गरिबासाठी धावला तरी कधी, असा त्यालाच सवाल. लगेच पाठोपाठ त्याच देवाचा गजर, 'एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव'. सारा गाव एका सुरात ओरडतो. ज्याच्यावर झडती झाली त्यालाही ओरडावे लागते. तो गप्प राहिला तर गावात लहान होतो.

यात किती शहाणपण आहे, ते पाहा. झडतीला यमक लागते, म्हणजे नुसत्या शिवीला तिथे जागा नाही. ती समोरासमोर म्हणायची असते, पाठीमागे नाही. आणि ती खरी असावी लागते. खोटी असेल तर 'हर बोला'ला आवाज येत नाही, म्हणणाऱ्याचीच फजिती होते. मोठमोठ्या समीक्षाग्रंथांत जे नियम पानांवर पाने खर्चून मांडलेले असतात, ते आमचा गडी डफड्याच्या ठेक्यात पाळतो. गाडगेबाबांच्या कीर्तनाची तऱ्हा हीच होती. समोर बसलेल्यांनाच प्रश्न विचारायचे, उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे. लोक हसत, आणि आपण आपल्याच नवसाला, आपल्याच कर्जाला हसलो, हे त्यांना घरी जाताना कळे.

तेव्हा गावातल्या माणसाला टीका सोसत नाही, हे मला मान्य नाही. टपरीवर बसून पाहा. सिमेंटच्या नव्या रस्त्याबद्दल विचारले तर उत्तर येते, "रस्ता लय मजबूत हाये भौ, त्याचे खड्डेबी हालत नाहीत." एका संग्रहातली कविता फार खोल असल्याचे कुणी सांगत होते, तर विहिरीचे काम करणारा एक जण म्हणाला, "खोल असन, पण पाणी लागलं का?" याहून नेमके परीक्षण मी कुठल्या नियतकालिकात वाचलेले नाही. कातडी पातळ झाली आहे ती आम्हा शिकलेल्यांची.

ती का झाली, याचे कारणही सरळ आहे. साहित्याचा आमच्याकडे सगळा देवघेवीचा व्यवहार आहे. मी तुमच्या संग्रहाला प्रस्तावना लिहितो, तुम्ही माझ्या गौरवग्रंथाला लेख द्या. तुम्ही मला पुरस्कार द्या, पुढच्या वर्षी मी निवड समितीत असेन. प्राध्यापकांना बढतीसाठी नावावर पुस्तक हवे असते, प्रकाशकाला छपाईचे पैसे आगाऊ हवे असतात, दोघांचेही वाचकावाचून काही अडत नाही. प्रती वाचनालयांत जातात. १९६७ च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांची वाचनालये गावोगाव आहेत. ड वर्गाच्या वाचनालयात जाऊन बघा, तालुक्याच्या कवींचे संग्रह कपाटात कोरे करकरीत उभे असतात, आणि वाचक शेवटचे पान गळालेली रहस्यकथा मागून नेतो. त्याची समीक्षा मला जास्त प्रामाणिक वाटते.

आता एक आक्षेप आहे, आणि तो मी हसून उडवणार नाही. ज्यांच्या आजोबांनी सावकाराच्या वहीत अंगठा उठवला, त्यांच्या नातवाने पुस्तक लिहिले. त्याचे लगेच वाभाडे काढायचे? आणि विनोदाची ही धार आजवर होती कुणाच्या हातात? आमच्या बोलीला, आमच्या 'ले'ला आणि 'राह्यलो'ला पुण्याच्या शुद्ध भाषेने किती वर्षे हसून घेतले? खरे आहे. कोल्हटकरांचे जगही पांढरपेशे आहे. कापसाच्या बाजारपेठेत राहून त्यांनी लिहिले, पण कापूस वेचणारी बाई मला त्या पोह्यांत भेटली नाही. बंडूनाना आणि पांडूतात्या ज्या ओसरीवर बसत, तिथे सगळ्यांना पाट मिळत नव्हता.

म्हणून उत्तर खोट्या स्तुतीत शोधायचे का? शेतकऱ्याच्या पोराने पहिल्यांदा कपाशी लावली, तर शेजारी बांधावरून ओरडून सांगतो, दाट झाली रे, विरळणी कर. नवोदित शेतकरी आहे, त्याला नाउमेद करू नका, असे तिथे कुणी म्हणत नाही, कारण कपाशी खरी आहे आणि पीक गेले तर कर्ज खरे आहे. पुस्तकाच्या बाबतीत आपण गोड बोलतो, याचा अर्थ ते पिकले काय न पिकले काय, आपल्याला फरक पडत नाही. ज्याला आपण बरोबरीचा मानतो त्याच्याशीच वाद घालतो. न वाचता एखाद्याला 'मातीतला कवी' म्हणून मोकळे होणे, ही मला जुनीच हेटाळणी वाटते, फक्त शाल पांघरलेली. गावातल्या, पहिल्या पिढीच्या लेखकाला जे शहरी समीक्षकाने कधी दिले नाही, ते आपणही देत नाही: त्याच्या ओळींकडे पूर्ण लक्ष.

दुसरी भीती कायद्याची. कुणी कोर्टात गेला तर? इथे मी माझ्या धंद्यातले सांगू शकतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेत बदनामीचे कलम ४९९ होते, त्याला दहा अपवाद होते. आता तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. त्यातला सहावा अपवाद असा की जी कृती तिच्या कर्त्याने लोकांच्या निवाड्यासाठी पुढे ठेवली, तिच्या गुणदोषांबद्दल सद्भावनेने मत देणे ही बदनामी नव्हे. पुस्तक छापणारा ते लोकांच्या निवाड्याला ठेवतो, हे उदाहरण तिथेच दिलेले आहे. कायदा पुढे आणखी बारकाईत जातो. पुस्तक मूर्खपणाचे आहे, यावरून लेखक दुबळ्या मनाचा असावा, असे सद्भावनेने म्हटले तर चालते, कारण तुम्ही पुस्तकातून माणसाकडे गेलात. पण हा माणूसच दुबळा आणि बदफैली, तेव्हा पुस्तक असे निघाले यात नवल काय, असे म्हटले तर अपवादाचे संरक्षण गेले. कारण तुम्ही माणसाकडून पुस्तकाकडे आलात. कोल्हटकरांनी हे कलम कोर्टात रोज हाताळले नसेल, पण वकील म्हणून ते त्यांना ठाऊक नसेल असे होणार नाही. समीक्षेची मर्यादा याहून चोख मी कुणी सांगितलेली ऐकलेली नाही.

आमच्याकडे नेमके उलटे चालते. जिथे परवानगी आहे तिथे आम्ही मुके, आणि जिथे मनाई आहे तिथे जिभेला हाड नाही. मंचावर पुस्तकाची स्तुती होते, आणि रात्री व्हॉट्सअपच्या गटात लेखकाची जात निघते, बदली निघते, घरातले भांडण निघते. याला कुणी वऱ्हाडी ठसका म्हणू नये.

तसाच दुसरा एक ठसका हल्ली फार विकला जातो: स्नेहसंमेलनातले हास्यकवी. दारुडा नवरा, कजाग बायको, खेड्यातून पहिल्यांदा शहरात आलेला भोळा बाप. यातला विनोद ऐकून घ्यावा तर तो इतकाच की हा माणूस वऱ्हाडी बोलतो. आपलीच बोली, आपल्याच गावात, आपल्यालाच हसण्यासाठी. पुरुषोत्तम बोरकरांच्या 'मेड इन इंडिया' कादंबरीत हीच बोली इंग्रजी शब्दांची फोडणी घेऊन येते, पण तिथे बोलीला हसू येत नाही. बोली हसते आणि गावात शिरलेल्या नव्या थाटाची पंचाईत होते. झडती पाटलावर होत असे, सालदारावर नाही. हे ज्याला कळत नाही, त्याच्या विनोदाला टाळ्या कितीही पडोत, माझ्या लेखी तो रिकामा आहे.

लहान मंचावर ऐकायची सवय नसली की मोठ्या मंचावर काय होते, ते आपण यवतमाळला पाहिले. २०१९ च्या जानेवारीत तिथे ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. उद्घाटनाला इंग्रजीतल्या लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावले, आणि विरोधाची धमकी येताच निमंत्रण मागे घेतले. त्यांचे न झालेले भाषण वर्तमानपत्रांनी छापले, आणि मंडपात बसले असते त्यांच्या कितीतरी पट लोकांनी ते वाचले. उद्घाटन शेवटी वैशाली येडे यांनी केले, त्याच जिल्ह्यातल्या, शेतकरी आत्महत्येत नवरा गमावलेल्या. साहित्याच्या मंचावर ज्यांचा कुणी कधी सत्कार केला नव्हता अशा बाईंनी तिथे जे सरळ बोलून दाखवले, ते बोलायला आमच्यातल्या पुरस्कारप्राप्तांना अजून शब्द जुळवावे लागतात. त्या वेळी सगळ्यांनी आयोजकांना झोडपले. मीही झोडपले असते, पण तालुक्याच्या वाचनालयात आपण एका कवीला 'तुमची तिसरी कविता पाडलेली आहे' एवढे सांगू शकत नाही, तर शहरातल्या आयोजकांकडून शौर्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

माझी मागणी लहान आहे. प्रत्येक प्रकाशनात एक वक्ता असा असावा की ज्याने पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचले आहे आणि जो लेखकाचा नातेवाईक, विद्यार्थी किंवा वरिष्ठ नाही. त्याला पहिले बोलू द्यावे, पाहुणे मंचावर असतानाच. शाल भाषणाच्या आधी देऊ नये, नंतर द्यावी. आधी दिली की जीभ जड होते. लेखकाने उत्तर द्यावे, यमकात दिले तर उत्तमच. वक्ता म्हणून मास्तरच हवा असे नाही. विहिरीचे काम करणारा तो गडी मोकळा असेल तर त्याला बोलवा.

सुरुवात जळगाव जामोद किंवा खामगावला करता येईल. कोल्हटकरांची जयंती २९ जूनला येते, पण ते दिवस पेरणीचे. पाऊस आला तर माणसे शेतात आणि नाही आला तर माणसे आभाळाकडे पाहत, सभागृहात कुणी येणार नाही. पोळ्याचा दुसरा दिवस बरा. पहिले पुस्तक कुणाचे घ्यायचे, यावर समितीत वाद होईल, तो मी आताच मिटवतो. समितीच्या अध्यक्षांचे घ्यावे. आमच्या अध्यक्षांचे दोन कवितासंग्रह आहेत, आणि मी ते दोन्ही शेवटपर्यंत वाचले आहेत.